छपराचं काम देताना: दर लिहिला, माप कुठे लिहिलं?

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: छप्पर. कुणाला कौलं काढून पत्रे घालायचे असतात, कुणाची गच्ची गळत असते, कुणाचा कॉन्ट्रॅक्टर अर्धं काम टाकून गेलेला असतो. यंदा आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण करारात काय लिहायचं, हे विचारणारे ते एकटेच आहेत.

प्रश्न: ताई, गुहागर तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. जोतं ४० बाय ३०. घर बाबांच्या नावावर, आई-बाबा तिथेच राहतात, मी डोंबिवलीला असतो. वाशांना वाळवी लागली म्हणून लोखंडी स्ट्रक्चर करून पत्रे घालायचं ठरलं आहे. जवळच्या गावातल्या फॅब्रिकेटरने व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं: "पत्रा व स्ट्रक्चर मटेरियलसह, हेवी क्वालिटी, २२० रु. स्क्वेअर फूट. ६० टक्के ॲडव्हान्स. काम मेअखेर पूर्ण." याचा करार करायचा तर त्यात काय काय लिहून घ्यायचं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: दादा, तुमच्या कोटेशनमध्ये २२० हा आकडा आहे, पण २२० गुणिले किती, हे कुठेच नाही. भांडण तिथूनच सुरू होतं, म्हणून आधी ते बघू.

जोत्याचं माप धरलं तर १२०० चौरस फूट, म्हणजे २ लाख ६४ हजार. तुमच्या मनात हाच आकडा असणार. पण छप्पर जोत्याएवढं नसतं. चारी बाजूंना तीन-तीन फूट वळचण काढली, आणि आपल्याकडच्या पावसात ती काढावीच लागते, की माप ४६ बाय ३६ म्हणजे १६५६ होतं. त्यावर उतार. ३० अंशांचा उतार ठेवला तर झाकायचा पृष्ठभाग १९१२ चौरस फुटांच्या आसपास जातो. गुणिले २२० म्हणजे ४ लाख २० हजारांच्या वर. दीड लाखाचा फरक, आणि तुम्ही दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. हा हिशेब काम झाल्यावर ओटीवर बसून करायचा नाही, आज करायचा.

आणखी एक बारकावा. पत्र्याच्या कडेवर शेजारचा पत्रा चढतो. बाजारात मिळणारा साधारण १०७० मिलिमीटर रुंदीचा पत्रा बसवल्यावर हजार मिलिमीटरच जागा झाकतो. कॉन्ट्रॅक्टरने आणलेले पत्रे मोजून बिल केलं तर सात टक्के वाढतात, तुमच्या घराला सुमारे २९ हजार. म्हणून करारात हे वाक्य असू द्या: "पत्रे बसवून झाल्यावर उताराच्या बाजूने टेप धरून, वळचणीसह, प्रत्यक्ष झाकलेल्या पृष्ठभागाचं माप दोघांसमक्ष घेतलं जाईल. पत्र्यावर चढलेला पत्रा वेगळा मोजला जाणार नाही. अंदाजे माप १९१२ चौरस फूट. यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढ मालकाच्या लेखी संमतीशिवाय देय नाही." आढ्यावरचा पत्रा, पन्हळ आणि पन्हळीचा खाली येणारा पाइप याच दरात की रनिंग फुटाने वेगळा, तेही लिहा. बहुतेकदा तो वेगळा निघतो आणि शेवटच्या दिवशी कळतो.

आता "हेवी क्वालिटी". हे शब्द करारातून काढून टाका. ग्राहक आयोगापुढे किंवा कोर्टात "हेवी" सिद्ध करता येत नाही, मिलिमीटर करता येतो. पत्र्याची जाडी ०.५० मिमी असं लिहिलं तरी ती लेपासह आहे की नुसत्या पोलादाची, हे विचारा, कारण दोन्ही प्रकारे सांगायची पद्धत आहे. लेप कशाचा आणि चौरस मीटरला किती ग्रॅम, ते लिहा. अरबी समुद्राच्या इतक्या जवळच्या घराला जस्त-ॲल्युमिनियमचा १५० ग्रॅमचा लेप मागा आणि कंपनीचं नाव करारात घाला. चांगल्या कंपन्यांच्या पत्र्यावर नाव आणि जाडी छापलेली असते. पत्रे उतरवतील त्या दिवशी बाबांना तेवढा एक फोटो काढायला सांगा. स्क्रू कोणते, हे कुणीच लिहीत नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात आधी तेच गंजतात. मग पत्रा शाबूत असूनही स्क्रूच्या भोकातून घर गळतं. गंजरोधक लेपाचे, रबरी वॉशरचे स्क्रू असं लिहून घ्या.

पाइपाचं तर सगळ्यांत सोपं. ४० बाय ४० चा सहा मीटर लांबीचा पाइप २ मिमी जाडीचा असेल तर साधारण १४ किलो भरतो, १.६ मिमीचा असेल तर साडेअकराच्या आसपास. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा पाइप रंगवायच्या आधी वजनकाट्यावर घालायचे आणि पावती द्यायची, हे करारात घाला. दोन पर्लिनमधलं, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाइपांमधलं, अंतर किती, वेल्डिंगच्या सांध्यांना आधी रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक प्रायमर, आणि मग रंगाचे किती हात, स्ट्रक्चर चिऱ्याच्या भिंतीवर कशाने धरणार, हेही. शेवटची बाब कागदावर नुसती "फिटिंगसह" म्हणून जाते, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या लोकांनी छपरं उडताना पाहिली. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बोल्ट पुरायचे की नुसते खिळे ठोकायचे, हा निर्णय गावातल्या इंजिनिअरला एकदा घर दाखवून करा आणि जो होईल तो करारात उतरवा. बदल्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "वाऱ्याने पत्रा उडाला तर जबाबदारी नाही." तसं मोघम लिहून देऊ नका. हवामान विभागाने इशारा दिलेल्या चक्रीवादळापुरती सूट द्या. आषाढातला नेहमीचा वारा त्याने धरूनच चालायला हवा.

पैशांबद्दल. ६० टक्के आगाऊ देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरची अडचण खरी असते, कारण पत्रे आणि पाइप रोखीने उचलावे लागतात आणि लहान फॅब्रिकेटरकडे तेवढं भांडवल नसतं. मार्ग असा: सही करताना १० टक्के. माल घरी उतरला, तपासला की ४० टक्के, आणि शक्य असेल तर ही रक्कम थेट दुकानदाराला द्या आणि बिल बाबांच्या नावाने घ्या. पुढे पत्र्याच्या कंपनीकडे वॉरंटी मागायची झाली तर तेच बिल लागतं. स्ट्रक्चर उभं राहिलं की २५, पत्रे बसून माप झालं की १५. उरलेले १० टक्के गणपतीत. तेव्हा तुम्ही घरी असता, जुलैचा पाऊस झेलून छप्पर तपासलं गेलेलं असतं, आणि कॉन्ट्रॅक्टरलाही सणाला पैसे मिळतात. करारात मात्र "गणपतीत" न लिहिता तारीख घाला, १५ सप्टेंबर वगैरे.

रोख शक्यतो टाळा. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, तुकडे करून दिली तरी. जी काही रोख द्याल तिची पावती घ्या, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. दर करासह की कर वेगळा, ते आत्ताच विचारा. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सव्वाचार लाखांवर पाऊण लाख. कॉन्ट्रॅक्टरचा जीएसटी नंबर मागा; तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की चालू आहे की रद्द झालाय ते लगेच दिसतं. लहान कारागिराची नोंदणी नसेल तर त्यात गैर काही नाही. फक्त मग त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही.

"मेअखेर" नको, २०२५ साली मान्सून मुंबईतच २६ मेला दाखल झाला होता. १० मे लिहा. त्यापुढे दर दिवसाला किती भरपाई ते लिहा, पण वाजवी. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, मिळते ती त्याच्या आतली योग्य तेवढी रक्कम. आणि उशिरा झालेलं काम मुकाट्याने ताब्यात घेतलंत तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. कलम ५५ तसं स्पष्ट सांगतं. काम स्वीकारतानाच "उशिराच्या भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहे" असा एक लेखी निरोप पाठवा, व्हॉट्सॲपवर का होईना. एका वेळी एकाच बाजूची कौलं उतरवायची आणि संध्याकाळी उघडा भाग कॉन्ट्रॅक्टरच्या ताडपत्रीने झाकायचा, ही अटही घाला. घरात म्हातारी माणसं आहेत.

जुन्या लाकडाचं मी मुद्दाम वेगळं सांगते. "जुना माल आम्ही उचलून नेऊ, साफसफाई फुकट" असं कुणी गोड बोललं तर थांबा. वासे वाळवीने गेले असतील, पण आढं, तुळया, खांब बहुतेक वेळा सागाचे किंवा फणसाचे आणि धडधाकट असतात, त्यांना चांगली किंमत येते. मंगलोरी कौलांनाही येते. कौलं किती, धड लाकूड किती नग, ते उतरवण्याआधी मोजून करारात यादी जोडा आणि "जुना माल मालकाचा" असं लिहा. द्यायचाच असेल तर किंमत धरून बिलातून वजा करून द्या.

उंचावर काम करणाऱ्या पोरांचा विमा आहे का, हेही विचारा. पॉलिसीची प्रत मागा, तारीख बघा. नसेल तर कामापुरती काढायला लावा आणि तिचा खर्च तुम्ही उचलायला लागला तरी उचला. ओल्या पत्र्यावरून पाय घसरलेला मुलगा कुणाचा तरी एकुलता एक असतो.

सही बाबांची हवी, घर त्यांच्या नावावर आहे. कॉन्ट्रॅक्टरचं आधारवरचं पूर्ण नाव आणि राहता पत्ता घ्या, नुसता मोबाइल नंबर नको. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या बहुतेक दस्तांना किमान ५०० चा लागतो, तुमच्या रकमेला तोच घ्या. रक्कम मोठी असेल त्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. मुद्रांक दोघांपैकी एकाच्या नावाने घ्यायचा आणि सहा महिन्यांच्या आत वापरायचा. मुद्रांक नसला म्हणून करार रद्द ठरत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही. नोंदणीची गरज नाही. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत त्याला, एक तुम्हाला.

प्रश्न: ताई, एप्रिलमध्ये गच्चीवर पत्र्याची शेड करायला दिली. तोंडी ठरलं, १ लाख १० हजार गुगल पेने दिले. खांब उभे केले, गच्चीला भोकं पाडली आणि माणूस गेला तो फोन उचलत नाही. खाली हॉलमध्ये पाणी येतंय. कागद काहीच नाही. पैसे बुडाले का? (एक भगिनी, दापोली)

उत्तर: बुडाले नाहीत, काकू. तोंडी करारही करारच असतो. सिद्ध करायला कष्ट पडतात, एवढंच. माझे वडील सुतार होते. त्यांनी जन्मात करारनामा केला नाही आणि त्यांचं कधी अडलं नाही, कारण लाकूड मालक स्वतः निवडून आणायचा, मजुरी रोजावर असायची आणि सुतार त्याच वाडीतला असायचा. लिहिण्यासारखं उरायचंच थोडं. आता माल कॉन्ट्रॅक्टर आणतो, दर चौरस फुटाचा असतो आणि माणूस तीन तालुके पलीकडचा. पद्धत बदलली आणि कागद मात्र मागेच राहिला.

तुमच्याकडे पुरावा आहे. बँकेचं स्टेटमेंट काढा. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, फोन बदलू नका, मोबाइलमधला मजकूर आयोगात देताना त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. भोकांचे, खांबांचे, हॉलच्या ओलीचे फोटो तारखेसह काढा आणि तालुक्यातल्या इंजिनिअरकडून किती काम झालं, किती बाकी, दुरुस्तीला काय खर्च, याचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. मग त्याला नोटीस: पंधरा दिवसांत काम पूर्ण करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च तुमच्याकडून वसूल करू. स्पीड पोस्टाने, पोच मागून. वकीलच हवा असं नाही, साध्या मराठीत तुम्हीही लिहू शकता.

गळती मात्र पंधरा दिवस थांबवून ठेवू नका. फोटो आणि अहवाल झाला की भोकं बुजवून घ्या. होणारं नुकसान आटोक्यात ठेवणं ही कायद्याचीही अपेक्षा आहे, आणि त्या खर्चाचं बिल तुमच्या मागणीत धरता येतं.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. पोलिसांत जायचा सल्ला लोक देतील. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असं दिसावं लागतं. खांब उभे करून गेलेल्या माणसाबाबत ते दाखवणं अवघड, म्हणून तिथे महिने घालवू नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीत ३२ सभासद आहेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एका कंपनीने "दहा वर्षांची गॅरंटी" देऊ केली आहे. समितीने होकार द्यावा का? (एक सचिव, ठाणे)

उत्तर: गॅरंटी कोण देतंय ते आधी वाचा. बहुतेकदा रसायन बनवणारी कंपनी फक्त आपल्या मालाची हमी देते आणि काम करणारा कॉन्ट्रॅक्टर फक्त आपल्या कामाची. गळती झाली की एक म्हणतो लावणाऱ्याची चूक, दुसरा म्हणतो माल खराब. दोघांच्या सह्यांचं एकच पत्र मागा: गळती कुठल्याही कारणाने असो, कळवल्यापासून इतक्या दिवसांत येऊन पाहणार, इतक्या दिवसांत दुरुस्त करणार, मजुरी आणि मालासह. कोणत्या गोष्टी केल्या तर गॅरंटी जाते, तेही वाचा. डिश अँटेनाचा एक खिळा, सोलरचा एक पाय, एवढ्यावर ती संपते असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

काम झाल्यावर गच्चीत निदान ४८ तास पाणी साठवून चाचणी आणि तिची लेखी नोंद, वरच्या मजल्यावरच्या सभासदांच्या सह्यांसह. बिलातले ५ ते १० टक्के एक पूर्ण पावसाळा राखून ठेवा.

होकाराबद्दल: आदर्श उपविधींप्रमाणे २६ ते ५० सभासदांच्या सोसायटीत समितीला स्वतःच्या अधिकारात ५० हजारांपर्यंतच दुरुस्ती खर्च करता येतो. पूर्ण गच्चीचं काम त्यात बसणार नाही. सर्वसाधारण सभा घ्या, कामाचं एकच वर्णन सगळ्यांना देऊन निविदा मागवा, नाहीतर तीन कोटेशनं तीन वेगळ्या कामांची येतील आणि तुलना होणारच नाही. बिल देताना टीडीएस कापायला विसरू नका, व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर २. वरच्या मजल्यावरच्या सभासदांकडून वेगळे पैसे मागणार असाल तर मागू नका. गच्चीतून होणारी गळती थांबवणं हा सोसायटीचा खर्च आहे.

प्रश्न: घर आजोबांच्या नावावर, वारस आम्ही चार चुलतभाऊ. छप्पर मी माझ्या खर्चाने करतोय. एक भाऊ म्हणतो, "कर, पण मला विचारून कौल काढ." करार मी एकट्याने केला तर चालेल? (एक वाचक, लांजा)

उत्तर: कॉन्ट्रॅक्टरशी करार तुम्ही एकट्याने करू शकता, पैसे तुमचे आहेत. पण काम अर्धं झाल्यावर भाऊ ओटीवर येऊन उभा राहिला आणि कामगार परत गेले, तर त्या दिवसांची मजुरी करारानुसार तुमच्या अंगावर येईल. म्हणून क्रम असा ठेवा. आधी तिघांचं संमतीपत्र, त्यात तीन गोष्टी स्पष्ट: छप्पर बदलायला हरकत नाही, खर्च तुम्ही केला म्हणून घरातला कुणाचा हिस्सा कमी-जास्त होत नाही, आणि वाटणीच्या वेळी हा खर्च मागणार की नाही. जुन्या लाकडाचे चार वाटे कसे, तेही त्यातच लिहा, कारण भावकीत वाद तिथूनच पेटतो. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा काढा, आणि कौलांऐवजी पत्रे व लोखंडी स्ट्रक्चर करतोय असा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. उंची किंवा भिंती वाढवणार असाल तर परवानगीशिवाय सुरुवात करू नका. ही तिन्ही कागदं हातात आल्यावर कॉन्ट्रॅक्टरला बयाणा द्या.